दहापेक्षा कमी

उद्यमनगरात बाबांच्या फाउंड्रीत
भंगार पोत्यांनी यायचं.
नांगराचे तुटके फाळ, मोटरची कवचं,
कुणाच्या तरी बंद पडलेल्या गिरणीचे दाते.
भट्टीत गेलं की त्याचं गाव पुसलं जायचं.
किती किलो वितळलं, एवढंच बाबा वहीत लिहायचे.

मी तेच करते, खुर्चीत बसून,
राजारामपुरीत, एका झेरॉक्सच्या दुकानावर.

आमचं अ‍ॅप गोळीची आठवण करून देतं.
डॉक्टर हेर्लेकरांच्या पेशंटना. मनाच्या गोळ्या,
ज्या लोक कॅल्शियमच्या डबीत भरून ठेवतात.
दोनच बटणं: घेतली. नाही घेतली.
किती जण सोडतात, कितव्या आठवड्यात सोडतात,
हे बाईंना हवं होतं. कोण, ते नको.
"कोण ते कळलं तर मला फोन करावासा वाटेल," त्या म्हणाल्या,
"आणि माझा फोन गेला की माणूस अ‍ॅपच काढून टाकेल."

म्हणून प्रत्येक मोबाईल आधी नाणं उडवतो, आतल्या आत.
छापा पडला तर खरं बोलतो.
काटा पडला तर पुन्हा उडवतो
आणि नाणं सांगेल ते बोलतो.
मग उत्तराला कुलूप.
कुलपं न उघडताच त्यांची बेरीज होते.
(कशी, ते तौफिकला पटवायला दोन रविवार गेले.
आईला अजून पटलेलं नाही.)
हजार उत्तरांतून नाण्याचा खोटेपणा वजा करता येतो,
एका उत्तरातून नाही.
बेरीज उघडायला किल्ल्या दोन:
एक माझ्याकडे, एक तौफिक मुजावरकडे, गडहिंग्लजला.
आणि एखाद्या तालुक्याचा आकडा दहाच्या आत आला
तर तोही दाखवायचा नाही.
नुसतं लिहायचं, दहापेक्षा कमी.
हा नियम मीच घातला, एका दुपारी, भडंग खाताखाता.

रणधीर कागलला असतो.
वसाहतीत सीएनसीवर, आठवड्याआड रात्रपाळी.
अ‍ॅप मीच टाकून दिलं होतं त्याला.
मंगळवारपासून त्याचा फोन वाजतो आणि थांबतो.
गुरुवारी अहवाल आला.
कागल. नाही घेतली. दहापेक्षा कमी.

शून्यही दहापेक्षा कमीच.
एकही.

रात्री साडेअकराला तौफिकला फोन लावला.
म्हटलं, तुझी किल्ली दे. एक पाकीट उघडू. एकच.
पलीकडे नुसता पंखा.
मग म्हणाला, "उघडशील. आत 'नाही घेतली' निघेल.
ते रणधीर बोलला का नाणं, कसं ओळखणार?"
तो भाऊ आहे माझा, मी म्हटलं.
"बाकीचे पण कुणाचे कुणाचे आहेतच की गं."
आणि जरा थांबून, जांभई दाबत,
"कागल वीस किलोमीटर आहे."

स्कूटर काढली.
हायवेला उसाच्या ट्रॉल्या, मागे दिवा नाही,
लाल फडकं तेवढं.
बाबा भट्टीपाशी हातमोजा कधी काढायचे नाहीत.
घरी आले की मात्र आधी हात धुवायचे
आणि आमचा ताप बघायचे
उघड्या तळव्यानं.

दार त्यानेच उघडलं. दाढी वाढलेली, बनियन उलटा.
"एवढ्या रात्री? आईला काय झालं?"
आई बरी आहे. मी आले, सहज.
सहज म्हणताना हेल्मेट डोक्यावरच होतं माझ्या.
त्याने दूध तापत ठेवलं, थोडं उतू जाऊ दिलं.
फडक्याने ओटा पुसला, परत पुसला,
आणि माझ्याकडे न बघता
जे बोलला
ते इथे लिहीत नाही.

दुधात साखर जरा जास्त होती.